बोठे मास्तरांनी वीर उजळले

नगरच्या शिबिरात चहा जरा बरा मिळाला असता तर निंबदैठण गावावर पुढचा प्रसंग ओढवला नसता. पण तो इतका पांचट होता, की शेवटच्या दिवशी दुपारी जिल्ह्यातले झाडून सगळे इतिहास-शिक्षक व्याख्यान सोडून माळीवाड्याच्या हॉटेलात गेले. सहादेव बोठे मास्तरांना पित्ताचा त्रास, चहा वर्ज्य. ते एकटेच रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून राहिले, आणि पुण्याहून आलेल्या व्याख्यात्यानं ते सबंध व्याख्यान त्यांच्या एकट्याच्या तोंडाकडे बघून दिलं. सभ्य माणसाला अशा वेळी मान डोलवावी लागते. तास-दीड तास मान डोलवल्यावर त्यातलं थोडं आत उतरणारच.

व्याख्याता म्हणाला, सनावळ्या घोकणं म्हणजे इतिहास नव्हे. मुलाला विचारायला शिकवा की हे कशावरून? सांगणारा कोण, त्यानं स्वतः पाहिलं का, आणि तसं सांगण्यात त्याचा काही फायदा होता का? दोन माणसांनी एकमेकांना न विचारता तेच सांगितलं, तर ते खरं धरायला हरकत नाही. घराघरात जुन्या वस्तू असतील, त्यांना बोलतं करा. बोठे मास्तर नोकरीला लागल्यापासून मुलांकडून सनावळ्याच घोकून घेत होते. परतीच्या एसटीत बसले तेव्हा त्यांना वाटायला लागलं होतं की आपण दोन पिढ्यांचं वाटोळं केलं. शेवगाव येईपर्यंत ते भरून काढायचा त्यांचा निश्चय झाला.

घरी मनकर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ह्यानं बदली होईल का?" बाई बेलापूरच्या. माहेरी दाराशी पाटाचं पाणी, आणि इथं निंबदैठणात उन्हाळा लागला की घागरीभोवती भांडणं. लग्न झाल्यापासून त्यांचं सगळं लक्ष बेलापूरकडं लागलेलं होतं, आणि मास्तरांचा बदलीचा अर्ज शाळा कमिटीचे चेअरमन आप्पासाहेब यांच्या सहीसाठी त्यांच्याच कोनाड्यात पडून होता. मास्तर म्हणाले, प्रश्न बदलीचा नाही, पिढीचा आहे. बाई भाकरी थापायला लागल्या.

नववीच्या वर्गात नवी पद्धत सुरू झाली आणि गावाला ताप चढला. एका पोरानं बापाला विचारलं, तुम्ही सातवी पास कशावरून? बापानं दाखला शोधायला घर उलथंपालथं केलं. दाखला मिळाला नाही आणि सातवी कधी झालीच नव्हती हे आजोबांनी सांगून टाकलं. भैरोबाच्या गुरवाला पोरांनी विचारलं, देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं तर दिवा कुणी धरला? हेडमास्तरांचं म्हणणं पडलं, विचारू द्या, पण शाळेच्या आवाराबाहेर. शेजारचे पोस्टमास्तर रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन सल्ला देत, की पोरांना प्रश्न विचारायला शिकवणं म्हणजे घरात उंदीर पाळणं, मांजर नंतर शोधावं लागतं. मास्तर हसून सोडून देत. मोठ्या माणसांच्या वाट्याला आधी टवाळी येते, हे त्यांनी इतिहासात वाचलं होतं.

खरी गोडी लागली होती ती रंगूला. आईबाप कारखान्याकडं ऊसतोडीला गेलेले, ही आजीपाशी, झुंबरबाईपाशी राहणारी. वर्गात मोजून चार मुली, त्यांत ही भिंतीला टेकून बसायची आणि वर्षभर तोंडातून शब्द काढला नव्हता. पुस्तकात आलं, शत्रूची अफाट फौज चालून आली. रंगू उभी राहिली. "सर, अफाट म्हंजी किती? आन् मोजली कुनी?" त्या रात्री मास्तर जेवताना दोनदा आपल्याशीच हसले. आयुष्यात प्रथमच आपण कुणाला तरी काहीतरी शिकवलं असं त्यांना वाटलं. हे वाटणं खरं होतं, म्हणून पुढचं सगळं जास्त लागलं.

माघ सरता सरता मास्तरांनी प्रदर्शन काढायचं ठरवलं. 'गावाच्या इतिहासाची साधने' असा फलक स्वतः रंगवला. पोरांनी पहिल्या दिवशी आणलं ते असं: एक कुलूप, किल्लीशिवाय, एक किल्ली, तिचा त्या कुलपाशी संबंध नाही, निम्मं जातं, आणि पेशव्यांच्या काळातली म्हणून एक तलवार, जी झटकल्यावर ऊस तोडायचा कोयता निघाली. मास्तर हिरमुसले. तेव्हा आप्पासाहेबांचा नातू, श्रीमंत नावाचा, घरच्या देव्हाऱ्यातला वीर घेऊन आला.

आपल्याकडं घरातलं कुणी तरणंताठं, बिनलग्नाचं गेलं की सोनाराकडून त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. बोटभर पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला माणूस, हातात तलवार. मेलेला जन्मात घोड्यावर बसला नसला तरी टाकात त्याला घोडा मिळतो. हा वीर. वर्षभर देवाबरोबर त्याला हळदकुंकू, आणि धुळवडीला वाजतगाजत मिरवणूक. आप्पासाहेबांचा वीर शाळेत मांडला गेला ही बातमी विहिरीवर पोचली मात्र, आमचा वीर काय पडक्या घरचा हाय का, म्हणत दुसऱ्या दिवशी आळीआळीतून टाक आले. एक टेबल पुरेना. मास्तरांनी प्रत्येकाखाली घराच्या नावाची चिठ्ठी ठेवली. रंगूनंही आणला. आजी कर्जतला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, तिला विचारायचं राहिलं.

मग अडचणी सुरू झाल्या. बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती, त्यामुळं मास्तर संरक्षण निधीला चांदी गोळा करतात अशी आवई उठली. दोघं देशभक्त अंगठ्या देऊन गेले, त्यांच्या बायका येऊन परत घेऊन गेल्या. तालुक्याच्या कचेरीत परवानगीचा अर्ज गेला होता, तो शेरा मारून परत आला: सदर कार्यक्रमात देव असल्याने तो शैक्षणिक की धार्मिक, खुलासा करावा. मास्तरांनी शैक्षणिक म्हणून कळवलं, तर उलट विचारणा, की मग त्यात देव का? इतकी चांदी म्हणून शिपाई छगन रात्री वर्गात झोपायला लागला. देवांपाशी अंधार नको म्हणून त्यानं दिवा लावला. दिवा पाहून बायका सकाळी नैवेद्य घेऊन आल्या. चार दिवसांत वर्गाबाहेर चपलांचा ढीग, आत उदबत्तीचा धूर, आणि नववीचा वर्ग लिंबाखाली. मास्तर खडू घेऊन आत जाऊ लागले तर छगननं त्यांना पाय धुऊन या म्हणून सांगितलं. एम. ए. ला बसलेल्या माणसाच्या मनाला ते फार लागलं.

अखेर तालुक्याचे साहेब उद्घाटनाला येणार असा निरोप आला. मास्तरांनी टेबलाकडं साहेबांच्या नजरेनं पाहिलं आणि त्यांना ते टाक काळेकुट्ट, कुंकवानं लडबडलेले, तेलकट दिसले. ते घरी येऊन मनकर्णाबाईंना म्हणाले, जरा चकचकीत दिसायला हवेत. एवढंच म्हणाले. बाईंना दसऱ्याला देव उजळायचे तेवढं ठाऊक. त्यांनी दोन शेजारणींना हाताशी धरलं, मोठ्या पातेल्यात चिंच कालवली, सगळ्या आळ्यांचे वीर त्यात एकदमच सोडले आणि दुपारभर गप्पा मारत राखेनं असे घासले, की संध्याकाळी परातीत नुसता लखलखाट. मास्तर परात बघून आधी खूश झाले. मग त्यांच्या लक्षात आलं, की नावाच्या चिठ्ठ्या शाळेत टेबलावर आहेत आणि वीर इथं परातीत आहेत.

"चकचकीत करा तुम्हीच म्हणाला होतात," मनकर्णाबाई म्हणाल्या.

ज्याच्या त्याच्या घरी वीर ओळखायचे ते कुंकवाच्या पुटावरून, कडेच्या काळ्या डागावरून, कुठं तेलाच्या ओघळावरून. पुरावा म्हणतात तो नेमका तेवढाच होता आणि तो चिंचेबरोबर मोरीतून वाहून गेला होता. साहेब आलेच नाहीत. त्यांची जीप पाथर्डीच्या रस्त्याला कुठंशी बिघडली, किंवा बिघडली असं त्यांनी कळवलं.

रंगू दुसऱ्याच दिवशी सकाळी आली. मास्तर ओट्यावर डोकं धरून बसले होते. ती म्हणाली, आजीचा वीर ओळखता येईल. तो तिच्या चुलत्याचा, गोरक्षचा. तिच्या बापाचा हा धाकटा भाऊ विहिरीत पडून गेला तेव्हा आजीनं दंडातल्या चांदीच्या दोन्ही वाक्या मोडायला दिल्या, आणि सोनार चांदी काढून घेईल म्हणून दिवसभर शेवगावात त्याच्या दुकानात समोर बसून राहिली. म्हणून तो जड आहे. तिच्या हातात तो तसा लागायचा. मास्तरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. ही माहिती त्यांनी कुणाला सांगितली नाही, पण मनातून ते सावरले. आता आपण हे रीतसर, शास्त्रानं सोडवू असं त्यांनी ठरवलं.

ज्या सोनाराच्या घराण्यानं हे टाक केले होते त्यालाच शेवगावहून बोलावलं. शाळेत गाव जमलं. सोनारानं टाक एकेक करून डोळ्याजवळ नेले आणि सांगितलं, सगळे आमच्याच ठशातले, घोडा तोच, माणूस तोच, ह्यात निवडायला काही नाही. आजोबांच्या वेळचे असोत की वडिलांच्या, पत्रा सगळा पातळ. आमच्या घराण्याचा हात पहिल्यापासून जरा आखडता, असं तो मोकळेपणानं म्हणाला. पण एक टाक हातात घेऊन तो थांबला. हा एकच जाड आहे. असा जाड पत्रा आमच्याकडून तेव्हाच होतो, जेव्हा गिऱ्हाईक शेवटपर्यंत समोरून हलत नाही.

मास्तरांच्या अंगावर काटा आला. दोन माणसं, एकमेकांना न विचारता. शिबिरातला व्याख्याता इथं असता तर त्यानं टाळी वाजवली असती.

तेवढ्यात आप्पासाहेबांनी हात पुढं केला. "पाटलाच्या घरचा वीर हाय, जाड आसनारच," ते म्हणाले आणि टाक खिशात घातला. खिशात घालताना त्यांना काही लबाडी वाटली असेल असं नाही. जे जड ते आपलं, असं त्यांच्या घरात सात पिढ्या चालत आलं होतं.

खिडकीत पोरं लोंबकळत होती. तिथून रंगूचा आवाज आला. "सर, त्यो आजीचा हाय. तुमाला म्या सांगितलं हुतं. वाक्या मोडून केल्ता."

सगळं गाव वळलं. ही कुणाची पोरगी, असं आप्पासाहेबांनी विचारलं. तिच्याकडं न बघता, मास्तरांकडं बघत विचारलं. मास्तरांना त्यांच्या कोनाड्यातला अर्ज दिसला. बेलापूरचा पाट दिसला. पाटाच्या काठी उभी असलेली मनकर्णाबाई दिसली. त्यांनी घसा साफ केला.

"वाक्या मोडताना तू पाहिलंस का?"

"मी कशी बगीन सर? मी जल्मले न्हवते. आजी सांगती."

"मग ती ऐकीव गोष्ट झाली," मास्तर म्हणाले. "ऐकीव गोष्ट पुरावा नसते. मी शिकवलंय ना तुम्हांला?"

शिकवलं होतंच. रंगूनं सोनाराकडं पाहिलं, मग मास्तरांकडं पाहिलं, आणि ती खिडकीवरून खाली उतरली. सोनाराला शेवगावची गाडी गाठायची होती, त्यानं तोंड मिटून घेतलं. पुढं गुरवाचा सल्ला सगळ्यांना पटला: भैरोबाला कौल लावायचा. देवाच्या अंगावर भिजवलेले तांदूळ चिकटवायचे, उजवीकडचा पडला तर हा वीर ह्या घरचा, डावीकडचा पडला तर पुढचं घर. एरवी मास्तरांनी ह्यावर तासभर व्याख्यान दिलं असतं. आता ते पोरांना सनावळीतला पुढचा भाग पाठ करायला सांगून देवळाच्या पायरीवर येऊन बसले. संध्याकाळपर्यंत सगळी घरं आपापला वीर घेऊन समाधानानं गेली. ताटात एक राहिला, पातळ पत्र्याचा. तो झुंबरबाईचा ठरला, कारण दुसऱ्या कुणाचा राहिला नव्हता.

आप्पासाहेबांनी त्याच आठवड्यात बदलीच्या अर्जावर सही केली. पोस्टमास्तर म्हणाले, चला, इतिहासातून काहीतरी निष्पन्न झालं.

झुंबरबाई होळीच्या आदल्या दिवशी कर्जतहून आली. वीर पोचवायला छगनला पाठवता आलं असतं, पण मास्तर स्वतः गेले. निदान एवढं तरी करावं, असं त्यांना वाटलं असेल. म्हातारी अंगणात शेंगा फोडत होती. डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं हात पदराला पुसून वीर घेतला, तळहातावर ठेवला आणि हात जरा वरखाली केला. रंगू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"हलका लागतुया, गुर्जी."

आता खरं सांगायचं तर मास्तरांना तिथं अजून वाट मोकळी होती. म्हातारी काही ओरडली नसती. फार तर आप्पासाहेबांच्या दारात जाऊन बसली असती, आणि गावात चार दिवस बोभाटा झाला असता. मास्तरांनी तोंड उघडलं तेव्हा आपण काय बोलणार आहोत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, असं ते पुढं मनकर्णाबाईंना म्हणाले. बाईंनी ते ऐकून घेतलं.

"उजळलाय ना आजी," मास्तर म्हणाले. "इतक्या वर्षांचा काट निघाला. काट जड असतो."

झुंबरबाईनं विचार केला. तिनं वीर बोटांनी चाचपला, घोडा सापडला, तलवार सापडली. "व्हय," ती म्हणाली. "लई काट चढला आसंल. माझीच कुचराई. सनासुदीला नुसतं कुक्कू लावीत ऱ्हायले, घासला कंदी न्हाई." मग ती त्या पत्र्याशी बोलायला लागली, की कुठं हिंडत होतास, शाळेत तर जिता असताना कधी गेला नाहीस. मास्तर चहा न घेता उठले. पित्त आहे म्हणाले.

धुळवडीला वीर निघाले. पुढं आप्पासाहेबांचा श्रीमंत, डोक्याला फेटा, हातातल्या तबकात जाड पत्र्याचा गोरक्ष; डफ, हलगी, गुलाल. सगळ्यात मागं झुंबरबाई, तान्हं मूल घ्यावं तसा वाटीतला वीर छातीशी धरून, कुणाच्या तरी घरच्या पोराला मिरवत होती. मास्तर घराच्या खिडकीतून बघत होते. गर्दीत बायका तिला म्हणत होत्या, बाई, तुझा वीर यंदा केवढा उजळ दिसतोय.

दुपारी दार वाजलं. रंगू उभी होती, हातात झाकलेलं ताट. आजीनं वीराच्या नैवेद्याची पुरणपोळी पाठवली होती. मास्तरांनी गोरक्षला उन्हातान्हातून जपून घरी आणलं म्हणून पहिलं पान त्यांचं. मनकर्णाबाईंनी ताट घेतलं आणि त्या आत गेल्या. रंगू रिकाम्या ताटासाठी थांबली.

मास्तरांना तिला पुष्कळ सांगायचं होतं. तू बरोबर होतीस हे सांगायचं होतं. पुरावा होता, दोन बाजूंनी होता, इतका चांगला पुरावा मोठ्या मोठ्यांना मिळत नाही, हे सांगायचं होतं. त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच, की आजीनं काही विचारलं का?

"इचारलं," रंगू म्हणाली. "रातच्याला इचारलं, रंगे, तुला काय वाटतं, ह्योच का आपला? म्या म्हनलं, ह्योच."

"तू असं सांगितलंस?"

"आजीनं इचारलं, कशावरनं?" रंगूनं खाली पाहिलं. "म्या म्हनलं, सर सांगत्यात."

आतून मनकर्णाबाईंनी पान वाढल्याची हाक दिली. ते जाऊन पाटावर बसले. पोळी ऊन होती, वर तूप होतं, आणि रंगू दारात ताटासाठी उभी होती, त्यामुळं त्यांना ती शेवटच्या घासापर्यंत खावी लागली.